बाळ रडलं नाही, यात आईचा काय गुन्हा?

कल्याण पूर्वेला माझी भाची राहते. तिचा मुलगा नऊ वर्षांचा झाला, पण अजून आधाराशिवाय बसत नाही. त्याला कडेवर घेऊन ती स्टेशनचा पूल चढते आणि लोकलच्या गर्दीतून उपचाराला मुंबईला नेते. जन्मला तेव्हा तो रडला नव्हता. "तू जोर लावला नाहीस," असं तिला दवाखान्यात ऐकवलं गेलं. सासू म्हणाली, "ग्रहणात काहीतरी चिरलं असशील." नवरा काहीच बोलला नाही, पण मुलासाठी त्याने कधी रजाही काढली नाही.

मैत्रिणींनो, नाळ दबली, वार आधीच सुटली, बाळंतपण अडलं, तर बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो. पुढे सेरेब्रल पाल्सी, फिट्स, नजरेचे आणि ऐकण्याचे दोष उद्भवू शकतात. काही मुलांच्या अडचणी तर शाळेत घातल्यावरच लक्षात येतात. प्रत्येक सेरेब्रल पाल्सीमागे हेच कारण असतं असंही नाही. अनेकदा कारण जन्माआधीचं असतं. पण ग्रहणाने हे होत नाही, आणि अडलेली बाई ओळखून तिला वेळेवर मोठ्या रुग्णालयात पोचवणं हे दवाखान्याचं काम आहे, तिचं नव्हे.

श्रीमंत देशांत अशा बाळाचं अंग तीन दिवस थंड ठेवतात. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर या उपचाराचा अभ्यास झाला. त्यात आपलं शीवचं रुग्णालयही होतं. २०२१ साली निष्कर्ष आला: फायदा नाही, उलट मृत्यू वाढले. म्हणजे बाहेरून आणलेल्या यंत्रावर भिस्त ठेवून चालणार नाही. बाळंतपणावर नीट लक्ष आणि जन्मानंतरचं पहिलं मिनिट, हेच महत्त्वाचं.

हे अवघड आहे का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी सेवा सुरू केली. न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला गावातल्याच बायका शिकल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. जे गडचिरोलीच्या खेड्यात जमलं, ते कल्याणच्या गल्लीतल्या प्रसूतिगृहात का जमू नये?

माझं म्हणणं एवढंच की माता-मृत्यूवर आपण बोललो, गर्भलिंगनिदानावर लढलो. पण जगलेल्या बाळाचा आणि त्याच्यामागे जन्मभर राबणाऱ्या आईचा प्रश्न मात्र 'तिचं नशीब' म्हणून सोडून दिला. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची तरतूद आहे. हा भत्ता आपल्या वस्तीतल्या किती जणींच्या हाती पडतो, हे गटागटाने जाऊन विचारू या. प्रसूतीच्या केसपेपरची प्रत मागू या. मागितल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

भाचीने तो कागद कधी मागितलाच नाही. कारण दोष आपलाच, असं तिला वाटत होतं.