'चिकन रन'चा दुसरा भाग मुलांना दाखवायचा का? दाखवाच, पण शेजारी बसून



'चिकन रन: डॉन ऑफ द नगेट' हा ॲनिमेशनपट डिसेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. तेव्हापासून आपल्या बायकांत त्याबद्दल दोन मतं ऐकते आहे. एक मत असं, "नावातच चिकन आहे, आपल्या घरात कशाला हवं ते?" दुसरं अगदी उलट, "अगं, हा तर अहिंसेचाच सिनेमा. पाठशाळेत दाखवावा असा!" मला दोन्ही मान्य नाहीत. पहिलं मत सिनेमा न बघता झालंय आणि दुसरं अर्धाच बघून.

हा सिनेमा एक फार मोठा प्रश्न विचारतो आणि उत्तर न देताच पळून जातो. ते उत्तर घरातल्या मोठ्यांनी द्यायचं आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी पहिल्या भागाबद्दल थोडं. तो २००० साली आला. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या आर्डमन स्टुडिओचा तो सिनेमा पीटर लॉर्ड आणि निक पार्क यांनी दिग्दर्शित केला होता. मातीच्या बाहुल्या एकेका चित्रासाठी कणभर हलवायच्या, फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायच्या, अशा पद्धतीने तो केला आहे. या पद्धतीच्या सिनेमांत सर्वांत जास्त कमाई आजही त्याच्याच नावावर आहे. त्यात सुरुवातीलाच एडविना नावाची कोंबडी अंडी देईनाशी होते आणि मालकीण मिसेस ट्वीडी तिला कापायला नेते. दाखवत काहीच नाहीत, फक्त सावली आणि कुऱ्हाडीचा आवाज. पण लहान मुलालाही कळतं की अंड्यांची वही आणि कुऱ्हाड एकाच हातात आहेत. "आम्ही फक्त केकमधलं अंडं खातो, त्यात कुठे जीव असतो?" म्हणणाऱ्या आपल्यातल्या काही घरांनी तेवढी पाच मिनिटं जरूर बघावीत. जगभरातल्या अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लं अंडी देत नाहीत म्हणून जन्मताच मारली जातात, हेही मग सांगावं लागत नाही, आपोआप विचारलं जातं.

आता दुसरा भाग. दिग्दर्शक सॅम फेल. सुटून आलेल्या कोंबड्या एका बेटावर सुखाने राहतात. जिंजर आणि रॉकी यांना मॉली नावाची मुलगी झाली आहे. ज्या जिंजरने कुंपण तोडलं, तीच आता लेकीला बेटाबाहेर जाऊ देत नाही आणि बाहेर काय आहे ते सांगतही नाही. मॉली पळते आणि नेमकी 'फन-लँड फार्म'मध्ये जाऊन पोहोचते. आई म्हणून हा भाग मला फार आवडला. भीतीपोटी अर्धवट सांगितलेलं मुलांना कसं उलट्या दिशेने ढकलतं, ते यात नेमकं आलं आहे.

पण सिनेमाची खरी ताकद त्या फार्मच्या कल्पनेत आहे. तिथे कोंबड्यांना रंगीत झोके आणि घसरगुंड्या आहेत. गळ्यात एक पट्टा आहे, त्यामुळे त्या सतत खूश असतात. का? तर घाबरलेल्या कोंबडीचं मांस चिवट होतं, आनंदी कोंबडीचं चविष्ट लागतं. म्हणून त्या हसत हसत, स्वतःहून यंत्राकडे जाणाऱ्या जिन्यावर चढतात आणि पलीकडे त्यांचे नगेट, म्हणजे तळलेले तुकडे होतात. ही निव्वळ कल्पना नाही. कापण्याआधीच्या ताणाने मांसाची प्रत बिघडते हे त्या धंद्यात सर्वांना ठाऊक असतं, आणि परदेशी दुकानांत 'आनंदाने वाढवलेल्या' प्राण्यांचं मांस जास्त दाम घेऊन विकतात.

इथे मला नेमिकुमारांची गोष्ट आठवते. वरात निघाली होती, वाटेत बांधलेल्या प्राण्यांचा आक्रोश कानावर आला, ते लग्नाच्या जेवणासाठी आणलेत हे कळलं आणि रथ मागे फिरला. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो तेव्हा सगळा भर त्या आक्रोशावर असतो. पण समजा, त्या प्राण्यांच्या गळ्यात तो पट्टा असता आणि ते आनंदाने उड्या मारत असते, तर? रथ पुढे गेला असता का? नाही. कारण प्रत्येक जिवाला जगायचं असतं, त्याने ओरडून सांगितलं तरी आणि नाही सांगितलं तरी. आपली अहिंसा कीव येण्यावर उभी नाही. हा मुद्दा इतक्या सोप्या चित्रातून मुलांसमोर मांडणारा दुसरा सिनेमा मला माहीत नाही.

आणि नेमकं इथेच सिनेमा हात झटकतो. प्रश्न मांडला की उरलेला वेळ पळापळी, हेरगिरीची नक्कल आणि धडपडण्याचे विनोद. पहिल्या भागात एडविना गेली होती, म्हणून पुढची प्रत्येक धाव जिवावरची वाटत होती. इथे आपल्या ओळखीतलं कुणीच जात नाही, त्यामुळे काळजी वाटत नाही. दोष सगळा मिसेस ट्वीडीच्या माथी. ती हरली की प्रश्न संपला! पण ते तुकडे विकत घेणारा? आपल्याकडे करणं, करवणं आणि अनुमोदन देणं या तिन्हींचा हिशेब आहे. सिनेमात फक्त पहिल्याचा आहे. ज्या प्रेक्षकाच्या मांडीवर नगेटचा डबा आहे त्याला एकही टोचणी लागत नाही. मग याला अहिंसेचा सिनेमा कसा म्हणायचं?

आणखी एक गोष्ट बाई म्हणून सलली. पहिल्या भागात जिंजरला आवाज देणाऱ्या ज्युलिया सवाल्हा यांना या वेळी घेतलं नाही. आवाज वयस्कर वाटतो असं कारण मिळाल्याचं त्यांनी २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं. जिंजर आई झाली आहे, आणि आईसाठी आवाज वयस्कर! नव्या थँडिवे न्यूटन यांचं काम चांगलं आहे, पण मिसेस ट्वीडी मात्र जुन्याच मिरांडा रिचर्डसन आहेत. म्हणजे खलनायिकेचं वय चालतं, नायिकेचं नाही.

आता आपल्याकडे वळते, कारण बोट फक्त नेटफ्लिक्सकडे दाखवणं सोपं आहे. करवणं आणि अनुमोदन यांचा हिशेब मांडला की मुलं तो आपल्या कपाटापर्यंत आणतील. रेशमासाठी कोश उकळत्या पाण्यात टाकतात, आत किडा जिवंत असताना. मग पूजेला नेसलेली पैठणी कुठल्या हिशेबात धरायची? चामड्याची पर्स? दूध न देणारी गाय आणि तिचा गोऱ्हा कुठे जातात? मॉलीसारखी मुलगी हे विचारणारच. "आपल्यात चालतं" हे उत्तर म्हणजे आपल्या गळ्यातला पट्टाच आहे. आपली मुलं शिकायला पुण्या-बंगळुरूला जातात. मेसमध्ये समोर ताट येतं तेव्हा "आपल्यात खात नाहीत" एवढंच गाठीशी असेल तर ते किती दिवस पुरेल? कारण समजलेलं असेल तरच टिकेल.

म्हणून सिनेमा दाखवा. त्या जिन्याच्या प्रसंगाला रिमोट हातात घ्या, थांबवा आणि मुलांना विचारा, "यांना काही दुखत नाहीये, मग चालेल का?" त्यांना बोलू द्या, लगेच प्रवचन नको. आणि त्यांनी पैठणीबद्दल विचारलं तर त्यांना गप्प बसवू नका. आपल्याला जमेल तेवढं सोडायचं, आणि जे सुटत नाही ते सुटत नाही असं सरळ सांगायचं.