‘चवीपुरते मीठ’ म्हणजे नेमके किती?

पाककृतींचे कोणतेही पुस्तक उघडा. हळद पाव चमचा, जिरे अर्धा चमचा, तेल दोन पळ्या, आणि शेवटी ‘मीठ चवीपुरते’. ज्या जिनसाचे माप सर्वांत जास्त सांभाळायला हवे, नेमके त्यालाच माप नाही! शिवाय ही चव कोणाची? रांधणाऱ्या माउलीची, की ताटावर बसताच ‘जरा मीठ आणा’ म्हणणाऱ्या घरधन्याची? वाचकहो, आज या मापाविषयीच थोडे बोलू या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही भरून नाही. यात भाजी, वरण, भाकरी, पापड, लोणचे, शेव, बिस्किटे असे सगळे आले. ग्रॅमचा हिशोब घरात कोण ठेवणार, असे तुम्ही म्हणाल. त्यावर एक सोपा उपाय आहे. मिठाचा एक किलोचा पुडा फोडाल त्या दिवशीची तारीख त्यावर पेनाने लिहून ठेवा. पाच मोठ्या माणसांच्या घरात माणशी ५ ग्रॅम धरले तर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे एक किलो मीठ ४० दिवस पुरले पाहिजे. बाहेरून येणाऱ्या शेव-फरसाणातही मीठ असतेच, तेव्हा खरे तर त्याहून जास्त दिवस पुरायला हवे. तुमचा पुडा पंचवीस दिवसांत संपत असेल, तर ‘आम्ही मीठ कमीच खातो’ हे म्हणणे सोडून द्यावे.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा मिठाने काय बिघडते? मिठात सुमारे ४० टक्के सोडियम असते. ते अंगात जास्त झाले की आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते. रक्तवाहिन्यांतून फिरणाऱ्या द्रवाचे आकारमान वाढते आणि दाब चढतो. वर्षानुवर्षे हे चालले की हृदय, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या या तिन्हींवर ताण येतो. आपल्याकडे ज्याला लकवा म्हणतात, त्याचे मोठे कारण हा वाढलेला रक्तदाबच. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांना त्यासाठी औषध चालू होते. म्हणजे दर चार-पाच माणसांत एक. यातली वाईट गोष्ट अशी की, हा दाब दुखत नाही, खुपत नाही. लकवा मारतो तेव्हाच घर जागे होते, आणि मग हात-पाय गेलेला कर्ता माणूस खाटेवर पडून राहतो.

सगळे खापर एकट्या मिठावर फोडावे असे मला म्हणायचे नाही. तंबाखू, दारू, वाढलेले वजन, बसून राहणे हीही कारणे आहेतच. पण मीठ हे असे कारण आहे की, ते कमी करायला एक पैसा लागत नाही.

आपल्या खानदेशी ताटाकडे पाहा. भाजीत मीठ, भाकरीच्या पिठात मीठ, बाजूला ठेचा, त्यात खडे मीठ. लोणचे तर टिकते तेच मुळी मिठाच्या जोरावर. उन्हाळ्यात घातलेले बिबडे, कुरडया, पापड वर्षभर तळून ताटात येतात. पापडखार हाही सोडियमचाच क्षार, हे किती जणांना ठाऊक असते? शेवभाजीत तर रशाचे मीठ वेगळे आणि शेवेचे वेगळे. आपले खापर अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे गाव. वाहने थांबतात, चहा-फराळ होतो, आणि भजी-फरसाण हा पाहुण्यांपुरता नव्हे, रोजचाच खाऊ झाला आहे.

माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांना मी मीठ कमी करायला सांगतो, तेव्हा बहुतेक जण मान डोलावतात. पंधरा दिवसांनी येतात तेव्हा दाब तिथेच. एक आजी तर स्पष्टच म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, यांना अळणी भाजी वाढली तर ताट सरकवतात. मी भांडू की रांधू?” आजींचे बरोबर होते. नुसते ‘कमी खा’ म्हणणे हा अर्धा सल्ला झाला. जिभेकडून एक चव काढून घ्यायची तर तिला दुसरी द्यावी लागते. माझे मत असे की, प्रत्येक घरात मिठाच्या वाटीच्या जागी घरी केलेल्या मसाला-मिठाची बरणी यावी.

यासाठी बाहेरून काही आणायला नको. नंदुरबारची मिरची साऱ्या देशात जाते. सातपुड्यात, मोलगी-धडगावच्या पट्ट्यात, उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, काप करून उन्हात वाळवतात. ते आमचूर पोत्यांनी बाहेर जाते, आणि आपल्या स्वयंपाकघरात मात्र त्याची आठवण क्वचितच होते. वास्तविक आंबटपणा हा मिठाचा सख्खा भाऊ. पदार्थात आंबट असले की कमी मिठातही खारट चव पुरेशी वाटते. लिंबू पिळलेली कोशिंबीर खाऊन पाहा, पटेल.

आता कृती. माप चहाच्या सपाट चमच्याचे. धने ४, तीळ ४, जिरे २, ओवा अर्धा आणि काळे मिरे अर्धा चमचा घ्यावेत. हे मंद आचेवर वेगवेगळे कोरडे भाजून पूर्ण गार होऊ द्यावे. खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये जाडसर कुटावे, पीठ करू नये. त्यात सावलीत वाळवून चुरलेला कढीपत्ता २, लाल तिखट २ आणि आमचूर ३ चमचे मिसळावे. शेवटी आयोडीनयुक्त मीठ २ चमचे, आणि तेही आच बंद झाल्यावर, मसाला गार असताना. एकूण वीस चमच्यांत मीठ दोनच. अशा मसाल्याच्या एका चमच्यात मीठ साधारण अर्धा ते पाऊण ग्रॅम येते. नुसत्या मिठाच्या चमच्यात ते पाच-सहा ग्रॅम असते. लसूण आवडत असेल तर कडकडीत वाळवलेलीच घालावी, ओल्या लसणीने मसाला बिघडतो. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी तिखट निम्मे करून जिरे वाढवावे. बरणी काचेची, घट्ट झाकणाची असावी. तिळाला खवट वास येतो म्हणून एका वेळी महिनाभर पुरेल एवढेच करावे.

वापरण्याची रीत महत्त्वाची आहे. भाजी-वरणात नेहमीपेक्षा पाऊणपट मीठ घालावे आणि ताटात वरून हा मसाला अर्धा चमचा भुरभुरावा. शिजताना आत मुरलेल्या मिठापेक्षा वरचे मीठ जिभेला लगेच लागते, त्यामुळे थोड्यातच समाधान होते. काकडी, पेरू, ताक, उकडलेले शेंगदाणे, कळण्याची भाकरी या सगळ्यांवर तो चालतो. पण भाजीत पूर्वीइतकेच मीठ आणि वरून हाही, असे कराल तर सारा खटाटोप वाया गेला असे समजा. पहिले पंधरा दिवस कुरकुर होईल. जिभेला सवय लागायला काही आठवडे जातात. मग मात्र पूर्वीचीच भाजी खारट वाटू लागते.

काही जण विचारतात, “मग सैंधव का नको?” सैंधव उपवासाला जरूर खा, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहे. रक्तदाबाला ते माफ नाही. काळ्या मिठाचेही तसेच. शिवाय सैंधवात सहसा आयोडीन मिसळलेले नसते. आयोडीनची गोष्ट विसरण्यासारखी नाही. डोंगराळ मुलखात पावसाने जमिनीतले आयोडीन वाहून जाते, आणि तेथे पिकलेल्या अन्नातही ते कमी पडते. त्यातून गलगंड होतो, आणि गरोदरपणात आयोडीन फार कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने दाखवून दिले की, आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ पासून माणसांच्या खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकायला देशभर बंदी आहे. म्हणून जनावरांसाठी आणलेले सुटे जाडे मीठ स्वयंपाकात वापरू नये. मीठ कमी खावे, पण खावे ते आयोडीनयुक्त. उष्णतेने आणि ओलाव्याने आयोडीन उडते, म्हणून मिठाचे भांडे चुलीजवळ उघडे ठेवू नये.

दुकानात आता ‘कमी सोडियमचे मीठ’ही मिळते. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराईडचा असतो. चीनमध्ये ६०० खेड्यांतील सुमारे २१ हजार लोकांवर असे मीठ वापरून पाहिले गेले. २०२१ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा लकव्याचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. गोष्ट चांगली आहे, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना जास्तीचे पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये.

आणखी दोन इशारे. मीठ कमी केले म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आणि जुलाब-उलट्या होत असताना मीठ तोडू नये. त्या वेळी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे, किंवा आरोग्य केंद्रातील ओआरएसची पुडी वापरावी. एक वर्षाच्या आतील बाळाच्या अन्नात मात्र वरचे मीठ घालूच नये.

“आमचे आजोबा लोणच्याशिवाय जेवले नाहीत आणि नव्वद वर्षे जगले,” हे मी नेहमी ऐकतो. जे जगले त्यांची आठवण घरात राहते. जे पन्नाशीत अचानक गेले, त्यांचा रक्तदाब तेव्हा कोणी मोजलाच नव्हता. आणि आजोबा दिवसभर शेतात राबत होते, पुड्यातले फरसाण रोज खात नव्हते.

एक सूचना बचत गटांच्या भगिनींना. मसाले तुम्ही करताच. असा कमी मिठाचा मसाला करून, पाकिटावर मिठाचे प्रमाण ठळक लिहून विकायला काय हरकत आहे? बाजारातील बऱ्याच चाट मसाल्यांच्या पाकिटांवर घटकांच्या यादीत मीठ पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असते. जो घटक जास्त त्याचे नाव आधी, असा नियम आहे. एकदा वाचून पाहा. सातपुड्याचे आमचूर आणि नंदुरबारची मिरची घालून केलेला आपला मसाला त्याहून चवीलाही सरस ठरेल आणि पैसाही गावातच राहील. आश्रमशाळांनी आणि रस्त्यावरच्या हॉटेलमालकांनीही टेबलावरची मिठाची वाटी उचलून तेथे हा मसाला ठेवून पाहावा.

तूर्त एवढेच करा. मिठाच्या पुड्यावर आजची तारीख लिहा, आणि तिशी उलटलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब जवळच्या आरोग्य केंद्रात मोजून घ्या. हे दोन आकडे घरात ठाऊक असले, की ‘चवीपुरते’ म्हणजे किती हे कोणाला विचारावे लागणार नाही.