संमतिपत्रावर सही होण्याआधीचा अर्धा तास

प्रति,
मा. संचालक,
एक सार्वजनिक कर्करोग रुग्णालय
(नाव मुद्दाम दिलेले नाही, ज्यांचे आहे त्यांना ते कळेल.)

विषय : स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण स्त्रियांना पुनर्रचनेची माहिती आणि अनुभवी स्त्रियांची भेट मिळण्याबाबत, तसेच यापूर्वीचे अर्ज, स्मरणपत्रे व त्यांवरील मौन.

महोदय,

प्रकरणाची पार्श्वभूमी कार्यालयाच्या फायलीत आहे, त्यामुळे ती पुन्हा उगाळण्याचे कारण नाही. कर्करोगामुळे ज्यांचा स्तन काढावा लागला आणि ज्यांनी नंतर त्याची पुनर्रचना करून घेतली, किंवा पूर्ण विचारांती करून घेतली नाही, अशा स्त्रियांच्या गटाने मागितले होते ते एवढेच : बाह्यरुग्ण विभागात एक खुर्ची, आणि नव्या रुग्णाची इच्छा असेल तर तिच्याशी संमतिपत्रावर सही होण्यापूर्वी अर्धा तास बोलण्याची मुभा. मानधन, स्वतंत्र खोली, फलक, उद्घाटन यांपैकी काहीही मागितलेले नव्हते. या अर्जाची आधी पोच मिळाली, मग विषय विचाराधीन असल्याचे एका ओळीचे पत्र आले, आणि शेवटी तोंडी खुलासा झाला की बाहेरच्या व्यक्तींमुळे रुग्णांच्या गोपनीयतेला बाध येतो. गोपनीयतेची ही काळजी स्तुत्य आहे. फक्त ज्या विभागात एका टेबलाशी तीन रुग्णांचे कागद एकदम उघडलेले असतात आणि तपासणीच्या कोपऱ्यातला पडदा कड्या निघाल्यामुळे नातेवाइकाला हाताने धरून उभे राहावे लागते, तिथे ती नेमकी कुठे मुक्कामाला असते, याचा खुलासा त्या तोंडी उत्तरात नव्हता.

पुनर्रचना म्हणजे काढलेल्या स्तनाच्या जागी पुन्हा स्तनाचा आकार घडवणे, आणि तिचे मार्ग मुख्यतः दोन. पहिल्यात सिलिकॉनचे इम्प्लांट बसवतात. अनेकदा त्याआधी एक्स्पांडर, म्हणजे त्वचेखाली ठेवलेली रिकामी पिशवी, दर आठवड्या-पंधरवड्याला सुईने सलाइन भरून फुगवत नेतात आणि जागा पुरेशी झाली की तिच्या जागी इम्प्लांट ठेवतात. दुसऱ्यात स्त्रीच्याच पोटाची किंवा पाठीची ऊती छातीवर आणतात. रक्तपुरवठ्यासह हलवलेल्या अशा भागाला फ्लॅप म्हणतात. हे तत्त्व या राज्याला परके नाही. पुण्यात एका गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या त्वचेचा असाच फ्लॅप फिरवून घडवले गेले आणि त्याचा वृत्तान्त 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आला, हे प्लास्टिक सर्जरीच्या परिषदांमध्ये सुश्रुताच्या चित्राबरोबर अभिमानाने सांगितले जाते. परिषद संपल्यावर त्या अभिमानातले काही वॉर्डापर्यंत पोचत नाही, एवढेच.

या पत्राचा सारा भार ज्या मुद्द्यावर आहे तो वेळेचा. स्तन काढतानाच, त्याच भुलीत, पुनर्रचना केली तर स्तनाची त्वचा आणि स्तनाखालची नैसर्गिक घडी बहुतांशी राखता येते, काही रुग्णांमध्ये स्तनाग्रही राखता येते. नंतर केली तर ती त्वचा आधीच टाकून दिलेली असते आणि तेवढी त्वचा पोटावरून किंवा पाठीवरून आणावी लागते, नाहीतर ताणून वाढवावी लागते. ज्यांना पुढे किरणोपचार लागणार आहेत त्यांच्यात इम्प्लांटभोवती कठीण वेष्टण आवळण्याचा धोका वाढतो, म्हणून अशा अनेक रुग्णांसाठी थांबणेच शहाणपणाचे ठरते, आणि आपल्याकडे बऱ्याच स्त्रिया आजार पुढे गेल्यावर येत असल्याने ही अडचण खरी आहे. पण थांबायचे ठरवणे निराळे आणि थांबता येते किंवा थांबायची गरज नव्हती हेच ठाऊक नसणे निराळे. गटातल्या बहुतेक स्त्रियांनी 'पुनर्रचना' हा शब्द टाके निघाल्यावर ऐकला, आणि तोही शेजारच्या खाटेवरून.

हे केवळ सौजन्यात उणे पडणे नव्हे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या जानेवारीत संमतीचा अर्थ स्पष्ट केला आहे : रुग्णाला उपचाराचे स्वरूप, उपलब्ध पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम एवढे सांगितल्यावर मिळते तीच संमती. त्याला आता दीड दशक उलटून गेले. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले की स्तन काढण्याचा सल्ला दिलेल्या प्रत्येक रुग्णाशी तात्काळ पुनर्रचनेविषयी बोलावे, आणि सर्व योग्य पर्यायांची चर्चा करावी, मग ते सगळे त्या ठिकाणी उपलब्ध असोत वा नसोत. अमेरिकेत 1998 च्या कायद्याने असे बंधन घातले की जी विमायोजना स्तन काढण्याचा खर्च देते तिने पुनर्रचनेचा, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसऱ्या स्तनावर करायच्या शस्त्रक्रियेचा, कृत्रिम स्तनाचा आणि हातसुजेसारख्या गुंतागुंतींचाही खर्च द्यावा. न्यूयॉर्क राज्यात तर 2011 पासून रुग्णालयांना ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वी देणे कायद्यानेच भाग आहे. परदेशाचे दाखले नकोत असे म्हणणे असेल, तर भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये प्रमाणित केलेली वगळण्यांची यादी पाहावी : तीत सौंदर्यवर्धक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे, परंतु अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना या वगळण्यातून स्पष्टपणे बाहेर ठेवलेली आहे. असे असताना रुग्णालयाच्या कागदावर बेफिकिरीने 'कॉस्मेटिक' हा शेरा मारला जातो, त्या शेऱ्याच्या आधारे विमा कंपनी दावा फेटाळते, आणि शेरा दुरुस्त करून घेण्यासाठी छातीवर पट्टी असलेल्या बाईला खिडक्यांसमोर रांगेत उभे राहावे लागते. भारतात 2022 या एका वर्षात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे 98 हजार त्याने दगावल्या, असा जागतिक कर्करोग वेधशाळेचा अंदाज आहे. दर ऑक्टोबरात इमारतीवर गुलाबी दिवे सोडले जातात ते याच आकड्यांच्या नावाने, आणि त्या दिव्यांच्या परवानगीला, पाहण्यात आले त्याप्रमाणे, अजिबात वेळ लागत नाही.

तरीही माहिती देण्याचे काम डॉक्टरांचे आहे, त्यात रुग्ण राहिलेल्या बायकांचे काय काम, असा प्रश्न वैद्यकीय अधीक्षकांच्या दालनात विचारला गेला होता. त्याचे उत्तर तपशिलात आहे. पूर्वतयारीच्या वेळी डॉक्टर विचारतात की सिगारेट ओढता का, आणि सातारा, बीड किंवा रत्नागिरीहून आलेली बाई प्रामाणिकपणे नाही म्हणते. रोज सकाळी आणि दुपारी ती मिश्री लावते हे तिला कोणी विचारत नाही, आणि दात घासणे हे व्यसन आहे असे तिलाही वाटत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवते. ज्या फ्लॅपचे जगणे अशाच वाहिन्यांवर अवलंबून आहे त्यासाठी तंबाखू किमान चार आठवडे आधी सुटायला हवी. हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, पण तो सुचायला त्या घरांत वावरलेले असावे लागते. पोटाच्या ऊतीने केलेल्या पुनर्रचनेत टाका कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जातो, म्हणजे नेमका परकराची नाडी जिथे आवळतात तिथे, आणि साडी नेसणाऱ्या बाईने पुढचे काही आठवडे काय घालावे याचे उत्तर कोणत्याही डिस्चार्ज कार्डावर छापलेले नसते. अनुभवी स्त्री सांगते की दोन सैल, समोरून पूर्ण उघडणारे गाऊन आधीच शिवून ठेव, त्यांना आतून मोठे खिसे लाव, कारण जखमेतले पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, म्हणजे ड्रेनची, बाटली त्या खिशात बसते आणि हातात धरून हिंडावे लागत नाही. ड्रेन साधारणपणे सलग दोन दिवस चोवीस तासांत 30 मिलीलीटरपेक्षा कमी पाणी येऊ लागल्यावर काढतात. तोवर ते मोजून लिहायचे असते, आणि ज्या घरात मापाचा पेला नाही तिथे औषधाच्या बाटलीचे झाकण चालते हेही कोणीतरी सांगावे लागते.

यापेक्षा गंभीर बाब शेकण्याची. नव्याने घडवलेल्या स्तनाला, आणि ऊती पोटाची असल्यास पोटाच्या त्वचेलाही, स्पर्श आणि उष्णता कळत नाही. ही बधिरता महिनोन्महिने टिकते, कित्येकींत कायमची राहते. घरी आलेल्या बाईची पाठ, पोट, छाती दुखते म्हटल्यावर सासू किंवा बहीण मायेने गरम पाण्याची पिशवी ठेवते, आणि पिशवीखाली कातडी भाजत असताना जिला ओरडायला हवे तिला काहीच जाणवत नाही. अशा भाजण्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. एकीला जरी हे आधी कळले तरी एक खाट वाचते, हा हिशेब रुग्णालयाच्या लेखा विभागाला पटण्यासारखा आहे.

आणि बरे होण्याचा खरा काळ रुग्णालयाबाहेरचा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून केलेली फ्लॅपची शस्त्रक्रिया सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त चालते आणि पहिला दिवसभर त्या भागाचा रंग, ऊब आणि रक्तप्रवाह तासातासाला तपासतात. एवढ्या बारकाईने जपलेली बाई आठवड्याभरात घरी जाते आणि तिथे जमिनीवर मांडी घालून जेवायचे, उकिडव्याने शौचाला बसायचे, कणीक तिंबायची, नळाचे पाणी हंड्याने भरायचे असा दिनक्रम तिची वाट पाहत असतो. सहा आठवडे जड उचलू नये, एवढे एक वाक्य त्यावर पुरेसे मानले जाते. खांदा आखडू नये म्हणून भिंतीवर बोटे चढवत नेण्याचा व्यायाम कधी सुरू करावा हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टनेच ठरवायचे, यात वाद नाही. पण तो करताना होणारी ओढ म्हणजे टाका उसवणे नव्हे, हे ज्या बाईचा हात पुन्हा डोक्यावर गेला आहे तिने सांगितले की विश्वास बसतो. पुनर्रचना एका शस्त्रक्रियेत क्वचितच संपते, स्तनाग्र घडवणे किंवा गोंदणे काही महिन्यांनी होते, इम्प्लांट जन्मभराचे नसते, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये सिलिकॉन इम्प्लांटची पहिली तपासणी पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करण्याची शिफारस केली आहे, आणि खडबडीत पृष्ठभागाची एका मोठ्या कंपनीची इम्प्लांट 2019 मध्ये एका दुर्मीळ लिंफोमाच्या धोक्यामुळे जगभरातून परत घेतली गेली, या गोष्टीही सहीआधी कळायला हव्यात. काही स्त्रिया हे सारे ऐकून पुनर्रचना नको म्हणतील, सपाट छातीने किंवा ब्लाउजमध्ये विणलेला सुती गोळा ठेवून आयुष्य काढतील. गटात अशाही स्त्रिया आहेत, आणि त्यांचेही ऐकायला मिळावे हाच तर आग्रह आहे.

या मागणीत नवे काही नाही. न्यूयॉर्कमध्ये 1952 साली स्वतःचा स्तन काढला गेल्यानंतर टेरीस लॅसर या स्त्रीने रुग्णालयांतल्या खाटांपाशी जायला सुरुवात केली. तिच्या पिशवीत तात्पुरता कृत्रिम स्तन, हाताच्या व्यायामासाठी दोरी आणि रबरी चेंडू असे, आणि अनेक शल्यविशारदांना ही ढवळाढवळ वाटत होती. पुढे 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तिचे काम आपल्या पंखाखाली घेतले, त्याला नियम घातले : भेट डॉक्टरांच्या संमतीने व्हावी आणि स्वयंसेविकेने वैद्यकीय सल्ला देऊ नये. नेमके हेच दोन नियम गटाने आपल्या अर्जात स्वतःहून लिहून दिले होते. अर्ज वाचला गेला असता तर गोपनीयतेचे उत्तर देण्याचे श्रम वाचले असते.

एक उत्तर मात्र लेखी कधीच आलेले नाही, ते फेरीच्या वेळी रुग्णांच्या कानांवर पडते : जीव वाचला हे काय कमी आहे, आणि या वयात कोणाला दाखवायचे आहे. पन्नाशीच्या विधवेला, शेतमजूर बाईला, जनरल डब्यातून आली आहे असे जिच्या कपड्यांवरून वाटते तिला पुनर्रचनेचा पर्याय सांगायचाच नाही, हा निर्णय तिच्या वतीने कोणीतरी घेत आहे. तो घेण्याचा अधिकार कोणत्या परिपत्रकाने दिला, हे महोदयांनी कृपया कळवावे. पुनर्रचनेमुळे कर्करोग परतण्याचा धोका वाढत नाही, असे आजवरचा वैद्यकीय पुरावा सांगतो, त्यामुळे जीव की आकार असा पेच रुग्णासमोर मांडणे हे शास्त्रही नव्हे. शस्त्रक्रियागृहाचा वेळ अपुरा आहे, प्लास्टिक सर्जन मोजके आहेत, हे कारण असेल तर ते समजण्यासारखे आहे आणि तेच स्पष्ट शब्दांत रुग्णाला सांगता येते. प्रतीक्षायादी दाखवता येते, दुसऱ्या रुग्णालयाची चिठ्ठी देता येते.

सबब विनंती अशी की स्तन काढण्याची तारीख ज्या दिवशी दिली जाते त्याच दिवशी पुनर्रचनेचे पर्याय, त्यांचे धोके आणि ती न करण्याचा पर्याय मराठीत छापलेल्या एका कागदावर रुग्णाच्या हाती द्यावा. संमतिपत्र शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री खाटेवर न देता त्या कागदानंतर काही दिवसांनी द्यावे. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेच्या कागदांवर 'कॉस्मेटिक' असा शेरा मारणे लेखी आदेशाने थांबवावे. आणि पूर्वी सादर केलेल्या यादीतील स्वयंसेविकांना, हवी ती चौकशी व प्रशिक्षण करून, आठवड्यातून दोन दिवस बसू द्यावे. विनंती अमान्य असल्यास तसे कारणांसह लेखी कळवावे, म्हणजे ते कारण घेऊन वरच्या दारात जाता येईल. खुर्ची गट स्वतःची आणेल.

आपले विश्वासू,
पुनर्रचना केलेल्या आणि न केलेल्या स्त्रियांचा गट

प्रत माहितीसाठी : स्त्री शस्त्रक्रिया कक्षाच्या परिसेविका, ज्यांनी यातले बरेचसे रुग्णांना दबक्या आवाजात आजवर सांगितलेच आहे.