मस्टर, रकाना आणि किल्ली

मध्यंतरी येलदरीस एका परिचिताच्या घरी जाण्याचा योग आला. जिंतूर तालुक्यातील पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, आणि पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजनिर्मिती केंद्र. आमच्या यजमानांचे वडील या धरणाच्या कामावर मजुरीला होते. त्यांची नात आज संगणकाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"भाऊ, शहरातला क्लासवाला म्हणतो, डेटाबेसचा कोर्स केल्याशिवाय नोकरी नाही," यजमान म्हणाले. फी ऐकून आम्ही गप्पच झालो. घरची निम्म्या वर्षाची मजुरी त्यात जात होती. कर्ज काढावे का, हा त्यांचा प्रश्न.

आम्ही म्हटले, आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. ते आजोबांनीच समजावून दिले! त्यांनी मस्टरची आठवण काढली. एका ओळीत एक मजूर, पुढे रोजच्या हजेरीचे रकाने, शेवटी अंगठा. त्यांच्या टोळीत एकाच नावाचे दोघे होते. एका आठवड्यात यांच्या सहा दिवसांची हजेरी त्या दुसऱ्याच्या ओळीत पडली आणि पगारही त्यालाच गेला. मुकादम म्हणाला, कागदावर नाही तर पैसे नाहीत.

डेटाबेसचे निम्मे शास्त्र या गोष्टीत आहे. माहिती तक्त्यांत ठेवायची आणि प्रत्येक ओळीला दुसऱ्या कुणाचाही नसेल असा क्रमांक द्यायचा. त्याला किल्ली म्हणतात. नाव ही किल्ली होऊ शकत नाही. मजुरांचा एक तक्ता, हजेरीचा दुसरा, पगाराचा तिसरा, आणि तिन्ही त्या क्रमांकाने जोडलेले. ही तक्त्यांची पद्धत आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. तोवर माहिती यंत्रात कोठे, कशी दडली आहे याची वाट प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठाऊक असावी लागे. कॉड म्हणाले, काय हवे ते सांगा, कोठून आणायचे ते यंत्र पाहील. १९७४ साली त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी अशी विचारणा करण्याची भाषा मांडली. तीच पुढे एस.क्यू.एल. झाली. पन्नास वर्षे होऊन गेली, ती अजून चालते. म्हणून ती शिकलेली वाया जात नाही.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्याआधीच वीज गेली, तर? (धरणाच्या गावातही वीज जाते, हे सांगायला नकोच.) चांगला डेटाबेस दोन्ही नोंदी करतो, नाहीतर एकही करत नाही. अर्धवट काही ठेवत नाही.

आता फीविषयी. आमचे मत स्पष्ट आहे: यासाठी कर्ज काढू नये. पोस्टग्रेस-एस.क्यू.एल. हा मोठ्या कंपन्यांत वापरला जाणारा डेटाबेस फुकट मिळतो. १९९५ चा मायएसक्यूएल याचीही फुकट आवृत्ती आहे. एसक्यूलाइट तर रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार करून सर्वांसाठी खुला सोडला आणि आज तो बहुतेक प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो. पायथन भाषा घेतली की तो सोबतच येतो. कॉलेजची प्रयोगशाळा, एक जुना संगणक आणि रोजचा सराव एवढे सुरुवातीला पुरते. क्लासला जायचेच तर आधी सहा महिने हे करून पाहावे, मग काय अडते ते कळते. आणि केलेल्या कामाची प्रत दुसरीकडे ठेवावी. ही सवय कोणत्याही प्रमाणपत्राहून मोलाची.

आणखी एक बाब आपल्या मुलामुलींनी ध्यानात ठेवावी. तक्त्यात कोणते रकाने असावेत हे तक्ता करणारा माणूस ठरवतो, यंत्र नव्हे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बंधनकारक केले. स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. निर्णय एका ओळीचा, पण ज्या तक्त्यांत आईच्या नावाला जागा नव्हती तेथे रकाना वाढवावा लागणार. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. फॉर्म करणाऱ्याने धर्म आणि जात एकाच रकान्यात कोंबली, तर त्या मुलाने काय लिहायचे? असे फॉर्म तयार करणाऱ्यांच्या खुर्चीवर आपली मुलेही बसली पाहिजेत, ती यासाठी.

निघण्यापूर्वी नातीने वडिलांच्या जुन्या संगणकावर आजोबांच्या टोळीचा तक्ता केला. क्रमांक, नाव, आईचे नाव, गाव. आजोबा आठवून आठवून सांगत होते, ती लिहीत होती. त्या सारख्या नावाच्या दुसऱ्या मजुराचे गाव त्यांना अजून आठवत होते. त्याला क्रमांक मिळाला सात, आजोबांना तीन. सहा दिवसांच्या हजेरीसमोर तिने तीन लिहिले.