ग्रामपंचायतीत आलेली तार घरापर्यंत आणायची तर



मागच्या अंकात आपण तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी बोललो. आज पिकाचा विषय बाजूला ठेवतो, आणि तोही तुम्हीच ठेवायला लावला म्हणून. परभणी-जिंतूर रस्त्यावर झरी, बोरी आणि भोवतालच्या गावांत हिंडताना खताच्या खालोखाल एक प्रश्न मला हल्ली विचारला जातो : "साहेब, ते फायबर म्हणतात ते आपल्या घरी येणार का नुसतीच नळी पुरून गेले?"

प्रश्न रास्त आहे. आधी वस्तू काय आहे ते पाहू. फायबर म्हणजे काचेची केसाएवढी बारीक तार. तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो. एका टोकाला उजेडाची उघडझाप करायची आणि दुसऱ्या टोकाला ती वाचून घ्यायची. चित्र, आवाज, सातबाऱ्याचा उतारा सारे त्या उघडझापेतून येते. काच वाकली तरी उजेड आतल्या आत आपटत पुढे जातो. यावर मूलभूत काम करणाऱ्यांत पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी होते. १९५४ साली लंडनला त्यांनी ते प्रसिद्ध केले. आणि ही काचेची तार काही फक्त विलायतेत तयार होत नाही. आपल्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्र्याला स्टरलाइटच्या कारखान्यांत ती ओढली जाते.

आता ती गावात कशी आली ते ऐका. २०११ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायचे ठरवले. या योजनेलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा २०१७ च्या डिसेंबरात पुरा झाला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने काम स्वतःकडे घेतले, ते महानेट. २०२५ च्या सुरुवातीच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशात दोन लाख चौदा हजारांच्या वर ग्रामपंचायती 'सेवेस तयार' झाल्या होत्या.

हे 'सेवेस तयार' शब्द नीट वाचा. बियाण्याची थैली घरात आली म्हणजे पेरणी झाली असे आपण म्हणत नाही. पंचायतीच्या खोलीत पेटी बसली, तार जोडली, चाचणीला दिवा लागला, की कागदावर गाव तयार झाले. पुढे ती पेटी चालू राहिली का, आणि तिच्यापासून दोनशे पावलांवरच्या घरात काही पोचले का, हा हिशेब निराळा.

हा पैसा कोणाचा, हेही माहीत असावे. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा खेड्यापाड्यांच्या सोयीसाठी एका निधीत जमा होतो. २००३ साली त्याला कायद्याचा आधार मिळाला. आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. कंपन्यांचे उत्पन्न म्हणजे शेवटी तुमचे-आमचे रिचार्जच. तेव्हा पंचायतीतली तार ही कोणाची मेहेरबानी समजू नका. तिची चौकशी करताना आवाज खाली ठेवण्याचे कारण नाही.

मग अडले कुठे? जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलला ज्याचे शेत आहे त्याला हे समजावून सांगायला नको. तालुक्याच्या गावापासून एकच तार निघते. ती पहिल्या गावाला जाते, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. मध्ये कुठे फुटली की पुढची सगळी गावे कोरडी. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीची बांधणी अशीच होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुधारित योजनेला मंजुरी मिळाली, एक लाख एकोणचाळीस हजार कोटींहून अधिक रकमेची. तिच्यात तार कड्यासारखी फिरवायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने उजेड यावा. दहा वर्षांची देखभालही तिच्यात धरली आहे आणि काम भारत संचार निगमकडे आहे. या योजनेतल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. पहिली, ग्रामीण घरांत दीड कोटी जोडण्या देण्याचे उद्दिष्ट आहे. दुसरी, ज्या वाड्या-गावांत स्वतःची ग्रामपंचायत नाही, त्यांना तार 'मागणीप्रमाणे' मिळायची आहे. मागणी कोणी केलीच नाही तर ती मिळणार कशी?

परदेशाचे एक उदाहरण देतो, कारण ते आपल्याला उलट्या बाजूने शिकवते. आयर्लंड हा देश आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढा. गायी-म्हशी म्हणाल तर गायीच, पण दुधाचा धंदा मोठा. तिथला शेतकरी गावठाणात राहत नाही, आपापल्या रानात घर करून राहतो. आपल्याकडे आखाड्यावर राहतात तसा. एकेका घरासाठी मैलभर तार ओढणे कंपन्यांना परवडेना. म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरात तिथल्या सरकारने करार केला की कंपन्या जिथे जात नाहीत ती साडेपाच लाखांवर घरे, शेतवाड्या आणि शाळा सरकारी मदतीने जोडायच्या. त्यांनी गाव मोजले नाही, घर मोजले. अमके गाव 'तयार' झाले असे म्हणून त्यांना सुटता आले नाही. तिथेही वेळापत्रक लांबले, तक्रारी झाल्या, पण मोजायचे माप बरोबर धरले होते.

आणि आपली जमेची बाजू पाहा. आपली घरे भिंतीला भिंत लावून आहेत. पंचायतीपासून शेवटचे घर हाकेच्या अंतरावर. जे काम त्यांना मैलामैलाने करावे लागते ते आपल्याकडे गल्लीच्या खांबावरून होते. एक काचेची तार पेटीत फोडून बत्तीस, कधी चौसष्ट घरांना वाटता येते. आखाड्यावरच्या घरांचा प्रश्न मात्र राहतोच. तिथे सध्या तरी मोबाईलचा मनोरा हाच आधार, हे मी लपवून ठेवणार नाही.

घरात नेट हवे कशाला, मोबाईल आहे की, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. बहुधा पुरुष असतात आणि बहुधा पारावर भेटतात. झरीतल्या एका घरी हरभऱ्याची चौकशी करायला बसलो असता घरातल्या मावशी म्हणाल्या, "सायेब, आमची पोरगी राती माळवदावर जाऊन बसती मोबाईल घिऊन. खाली रेंजच न्हाई. इच्चूकाट्याचं भ्या वाटतंय, पर बस म्हणावं तर अभ्यास बुडतोय." मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करत होती. अर्ज भरायची शेवटची तारीख होती, फोटो चढता चढेना, आणि रात्री दोनला तो एकदाचा गेला. गेला नसता तर वर्ष वाया. एवढ्या कारणावरून मुलीचे शिक्षण थांबवून स्थळे पाहायला लागलेली घरे मी पाहिली आहेत. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सिंधुदुर्गात एका मुलीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. आपण सर्वांनी कौतुक केले. खरे तर लाज वाटायला हवी होती.

शेतीची कामेही आता याच वाटेने चालली आहेत. महाडीबीटीवरचा ठिबकचा किंवा अवजाराचा अर्ज, डिजिटल सहीचा सातबारा, हमीभावाच्या सोयाबीनची नोंदणी. २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नाव नोंदवावे लागले. यातले एकेक काम सेवा केंद्रात जाऊन करायचे तर पैसे जातात, आणि परभणीला जायचे तर मजुरीचा दिवस जातो. ई-पीक पाहणीचे मात्र लक्षात ठेवा : फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो, त्याला घरची तार उपयोगी नाही. फक्त बांधावर रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये साठवून घरी आल्यावर वर चढवता येते.

आता करायचे काय? पहिले काम म्हणजे पंचायतीत जाऊन पेटी डोळ्यांनी पाहणे. भाऊसाहेबांना विचारा (ग्रामसेवकांचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, पण तुमच्या तोंडी भाऊसाहेबच राहणार). पेटीवर बारीक दिवे असतात. एकही दिवा नसेल तर वीज नाही. पंचायतीचे बिल थकून मीटर तोडलेले असेल किंवा कोणीतरी पंख्यासाठी प्लग काढून घेतला असेल. दुसरे कारण मी जास्त वेळा पाहिले आहे. 'एलओएस' लिहिलेला लाल दिवा उघडझाप करत असेल तर पेटी ठीक आहे, तार कुठेतरी तुटली आहे. हे बघून तारीख घालून लिहून ठेवा. 'नेट चालत नाही' अशा तक्रारीपेक्षा 'अमुक तारखेपासून लाल दिवा आहे' या तक्रारीला उत्तर देणे भाग पडते.

दुसरे काम म्हणजे एकट्याने अर्ज न करणे. एका घरासाठी तार ओढायला कोणी येत नाही. वीस-पंचवीस घरांची एकत्र यादी असेल तर येतात, कारण त्यांनाही तेव्हाच परवडते. भारत संचार निगम गावातल्याच एखाद्या होतकरू मुलाला उत्पन्नात वाटा देऊन जोडण्यांचे आणि दुरुस्तीचे काम सोपवते. गावात असा आयटीआय झालेला, खांबावर चढायला न भिणारा मुलगा असेल तर त्याला पुढे करा. तार तुटल्यावर परभणीहून माणूस यायची वाट पाहण्यापेक्षा गल्लीतला मुलगा बरा.

खर्चाचे म्हणाल तर साध्या योजना महिन्याला चारशेच्या आसपास सुरू होतात, वर कर. घरातल्या पेटीचे पैसे किंवा अनामत निराळी. ते आधी विचारा आणि पावती घ्या. घरात तीन फोन असतील तर त्यांच्या रिचार्जवर महिन्याला नऊशे-हजार सहज जातात. घरी तार आली म्हणजे ते सगळे वाचतील असे मात्र नाही. शेतात बोलायला फोन लागतोच. एकदोन फोन लहान रिचार्जवर आणता येतात, एवढाच फायदा धरा. आणि विकणारा मोठ्या वेगाची योजना गळ्यात मारू लागला तर घेऊ नका. मुलाचा एक चलचित्र धडा दोन-तीन एमबीपीएसमध्ये चालतो. तीस एमबीपीएसची योजना चार माणसांच्या घराला पुरते. ज्या घरात शिकणारे कोणी नाही, म्हातारा-म्हातारी दोघेच आहेत, त्यांनी हा खर्च नाही केला तरी चालेल.

आपल्याकडच्या भारनियमनावर एक उपाय आहे. घरातली पेटी मोबाईल चार्जरइतक्याच थोड्या विजेवर चालते. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो, त्यावर ती दोन-चार तास निघते. काचेतून आकाशातली वीज घरात शिरत नाही, पण पेटीच्या प्लगमधून शिरते. म्हणून वळवाचे आभाळ गडगडू लागले की प्लग काढून ठेवावा.

शेवटी तारेच्या जिवाचे बोलतो, कारण निम्मी गावे यातच अंधारात जातात. तार रस्त्याकडेने साधारण दीड मीटर खोल पुरायची असते. प्रत्यक्षात ती कुठे कुठे हातभरच खाली आहे, आणि आपली काळी जमीन उन्हाळ्यात फाटली की नळी उघडी पडते. मग नळयोजनेचा चर, बोअरची पाइपलाइन, पाणंद रस्ता, कशाचेही निमित्त होते आणि जेसीबीचा दात लागतो. एका गावी तर पंचायतीनेच लावलेल्या यंत्राने पंचायतीचीच तार तोडली आणि पुढची गावे दीड महिना बंद राहिली. खोदण्यापूर्वी संबंधितांना कळवण्यासाठी मार्च २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे सरकारी ॲप आहे. ठेकेदाराला ते वापरायला लावा. जेसीबीवाल्याला नळीची जागा दाखवायला एक माणूस उभा करा.

तारेत तांबे नसते, तेव्हा चोरून मोडीत एक पैसा येत नाही, हे गावातल्या हौशी मंडळींना कळू द्या. तुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातला उजेड दिसत नाही पण डोळ्याला अपाय करतो. आणि काचेचे तुकडे वैरणीत जाऊ देऊ नका. ते कुसळासारखे बारीक असतात, जनावराच्या तोंडात गेले तर दिसायचेही नाहीत.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे आणि २६ जानेवारीची सभा जवळ आली आहे. त्याआधी महिलांची सभा होते. हा विषय आधी तिथेच मांडा. वीस घरांच्या सह्या, पेटीवरच्या दिव्याची अवस्था, तारीख, आणि वाडी-तांडा राहिला असेल तर त्याचे नाव एवढे एका कागदावर पुरे. ठराव नोंदवहीत चढला का ते त्याच दिवशी पाहा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घालून घ्या.

पुढच्या अंकात हरभऱ्यावरचा मर रोग.