देशी लोकर आणि खानदेशचा व्यापारी

सुगी आटोपली कीं साक्रीकडील माळरानावरून ठेलारी मेंढपाळांचे वाडे तापीकांठच्या काळ्या जमिनींत उतरतात. शेतकरी त्यांची वाटच पाहत असतो. तो रात्रभर आपल्या शेतांत मेंढरें बसवून घेतो आणि त्या खताबद्दल धान्य किंवा पैसा देतो. मेंढीच्या लेंडीची किंमत खानदेशास कळते. मटणाची तर सर्वांसच कळते. तिच्या अंगावरील लोकरीला मात्र आज कोणी विचारीत नाहीं, आणि ह्याची खंत आमच्या व्यापारी वर्गास वाटत नाहीं, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

ही दख्खनी मेंढी म्हणजे मोठी काटक जात. महिनोन् महिने चालावें, वाळल्या काडीवर गुजराण करावी, ऊनथंडी उघड्यावर सोसावी, हा तिचा जन्मक्रम. तिची काळी, राठ लोकर वर्षांतून दोनदां कातरतात. मेंढीमागें वर्षाकाठीं सुमारें अर्धा-पाऊण किलो निघते. ह्याच लोकरीचें सूत काढून, ताण्यास चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणली जाई, आणि ती पावसांत कुणब्याचें छप्पर व रात्रीं त्याचें अंथरूण होई. पुढें गिरणीचें स्वस्त ब्लँकेट आलें आणि घोंगडीचें गिऱ्हाईक तुटलें. आतां पुष्कळ ठिकाणीं कातरणीची मजुरीच लोकरीच्या मोलाहून अधिक पडते. बरें, कातरणी टाळतां येत नाहीं. न कातरलेल्या लोकरींत गोचीड व कांटे राहतात. तेव्हां पदरचा पैसा खर्चून कातरलेली लोकर मेंढपाळास बांधावर फेंकून द्यावी लागते.

हा तोटा एकट्या मेंढपाळाचाच आहे असें कोणी समजूं नये. लोकरीस मोल नसेल, तर कमी लोकरीचा आणि अधिक मांसाचा नर कळपांत सोडणें हाच मेंढपाळाच्या दृष्टीनें शहाणपणाचा मार्ग ठरतो. असें कांहीं पिढ्या चाललें, म्हणजे शेंकडों वर्षांच्या निवडीनें ह्या कोरड्या मुलखास जुळलेलें वाण पातळ होत जाईल. एकदां हरवलेलें वाण बाजारांत विकत मिळत नाहीं.

लोकर राठ आहे, तिला उठाव कोठून येणार, असा आक्षेप निघेल. राठ आहे हें खरेंच. मेरिनो मेंढीचा धागा वीसेक मायक्रॉनचा, तर हिचा त्याच्या सुमारें दुप्पट, कधीं त्याहूनहि जाड. परदेशी नरांशीं संकर करून ती तलम करण्याचे प्रयोग सरकारी खात्यांनीं मागें केले. तरी कळपांची लोकर तलम झाली नाहीं. परंतु राठपणा हा दोष कोणी ठरविला? गोणपाटाचा तरट रेशमासारखा नाहीं म्हणून त्यास कोणी टाकून देत नाहीं. जाजम, नमदा, उष्णता व आवाज अडविणारे थर ह्यांस राठ लोकरच चालते. युरोप-अमेरिकेंत तर हलक्या लोकरीच्या गोळ्या करून खत म्हणून विकतात. कारण शुद्ध लोकरींत सुमारें सोळा टक्के नत्र असतें आणि तें हळूहळू सुटतें. ज्या जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तिच्या बुंध्याशीं ही लोकर घालून पाहण्यास काय हरकत आहे?

कापसास आणि केळीस दूरदूरच्या बाजारपेठा मिळवून देणाऱ्या आमच्या व्यापाऱ्यांस हें काम अवघड नाहीं. कातरणीच्या हंगामांत वाड्यावर जाऊन रोख भावानें लोकर घ्यावी. काळी, पांढरी व करडी निराळी ठेवणाऱ्यास चढा भाव द्यावा. आणि चार जणांनीं मिळून धुण्या-पिंजण्याचें एक यंत्र बसवावें. पहिल्या वर्षीं नफा थोडा होईल, कदाचित् होणारहि नाहीं. पण आरंभ कोणी तरी केलाच पाहिजे. मेंढपाळांच्या साहाय्यासाठीं सरकारनें २०१७ सालीं महामेष योजना काढली, हें योग्यच झालें. परंतु मेंढरें वाढवून लोकर बांधावरच पडणार असेल, तर तें साहाय्य अपुरें आहे.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस भाग आहे. ज्या मल्हारराव होळकरांचें बालपण खानदेशांतील तळोद्यास मामाच्या घरीं गेलें, त्यांच्या नांवाचा जयजयकार आम्ही व्यासपीठावरून करितों. पाहुण्यांच्या खांद्यावर घोंगडी घालून टाळ्या वाजवितों. त्या घोंगडींत देशी मेंढीची लोकर किती, हें कोणी पाहत नाहीं. आणि ज्याचा वाडा गांवाबाहेर पडला आहे, त्याच्याकडे चोराच्या संशयानें पाहण्याची आमची संवयहि सुटत नाहीं. सत्कार पुष्कळ झाले. आतां त्याच्या लोकरीचा रोख भाव करावा. मेंढपाळाचा खरा सन्मान त्यांतच आहे.