‘मॅन्युमिट’: मालकाच्या मर्जीतली मुक्ती

इतिहासाच्या किंवा कायद्याच्या ग्रंथांबाहेर आज क्वचितच आढळणारे ‘मॅन्युमिट’ हे क्रियापद पंधराव्या शतकापासून इंग्रजीत असून, मालकाने आपल्या गुलामाला दास्यातून रीतसर मोकळे करणे, असा त्याचा अर्थ आहे. ‘मानुस’ म्हणजे हात आणि ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे किंवा सोडणे, या लॅटिन शब्दांपासून ते बनले. मात्र रोमन कायद्यात ‘मानुस’ ही संज्ञा दुसऱ्यावरील सत्तेसाठी, विशेषतः पत्नीवरील पतीच्या अधिकारासाठीही योजली जात असल्याने, हातून सोडणे म्हणजे सत्तेतून सोडणे, हे त्या काळी वेगळे सांगावे लागत नसे.

रोममध्ये ही सुटका प्रेटर या न्यायाधिकाऱ्यासमोर ‘विंदिक्ता’ नावाच्या काठीच्या स्पर्शाने, जनगणनेत नागरिक म्हणून नोंद करून किंवा मृत्युपत्राद्वारे होत असे आणि तीवर गुलामाच्या किमतीच्या ५ टक्के कर द्यावा लागे. मुक्त झालेल्या व्यक्तीला जुन्या धन्याचे कुलनाम लागे, त्याचा आदर राखावा लागे आणि कबूल केलेली कामेही करून द्यावी लागत. सिसेरोने इ.स.पू. ५३ मध्ये मुक्त केलेला त्याचा लेखनिक टिरो या कुलनामाच्या प्रथेमुळेच मार्कुस टुल्लिउस टिरो झाला. पुढे इ.स.पू. २ मधील फूफिया कानिनिया कायद्याने मृत्युपत्राद्वारे १००हून अधिक गुलाम सोडण्यास मनाई केली.

अमेरिकेतील व्हर्जिनियात १७८२च्या कायद्याने अशी मुक्ती सुलभ केली आणि १७९१ मध्ये रॉबर्ट कार्टर या जमीनदाराने एका दस्तऐवजाद्वारे साडेचारशेहून अधिक गुलामांच्या टप्प्याटप्प्याने मुक्ततेची व्यवस्था केली. परंतु १८०६ मध्ये त्याच राज्याने, नव्याने मुक्त होणाऱ्यांनी बारा महिन्यांत राज्य सोडावे, असा नियम केला.

या क्रियापदाचा कर्ता नेहमी मालक असतो आणि गुलाम केवळ कर्म. म्हणूनच एकेकाला मुक्त करणारी ही पद्धत शतकानुशतके गुलामगिरीच्या जोडीने नांदली आणि तिने त्या व्यवस्थेला धक्का लावला नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो एखाद्या मालकाच्या औदार्यासाठी नव्हे, तर गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागासाठी. व्यक्तीची सुटका कितीही मोलाची असली, तरी माणसाला मालमत्ता ठरवणारा अधिकारच रद्द झाल्याशिवाय न्याय होत नाही.